एकशे आठ येईपर्यंत

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका डॉक्टरसह धावते. पण वाडीचा रस्ता खचलेला, खांबावरचा दिवा बंद, घरांवर क्रमांक नाहीत. मग वेशीपर्यंत आलेली गाडी रुग्णाचं दार शोधत फिरते. म्हणून म्हणतो, तातडीच्या सेवेची सुधारणा गावातूनही व्हायला हवी.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम. कबूल! पैसाही सरकारचाच आहे. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला; उरलेला गावाच्या गरजेसाठी मोकळा ठेवला. पगार त्यातून देता येत नव्हते, दिवे मात्र लावता येत होते. स्वागतकमानीची हौस जरा थांबू शकते. सुधारणा गावातूनही होते, श्रोतेहो. ग्रामसभेत विकास आराखडा वाचतील, तेव्हा उठून विचारा: रस्ता, दिवा, घरक्रमांक यात कुठे आहेत?