पदरमोडीची कादंबरी आणि मुद्रितशोधक



पदरमोड करून स्वतःची कादंबरी छापू पाहणारे कामगार आमच्या युनियनच्या कचेरीत अधूनमधून येतात. छपाईचा भाव त्यांनी चार ठिकाणी विचारलेला असतो, मुखपृष्ठही ठरलेले असते. प्रुफे कोण तपासणार, असे विचारले म्हणजे मात्र उत्तर येते, "पुतण्या बघेल, तो शिकलेला आहे." या उत्तराचाच आज विचार करावयाचा आहे.

शिकलेल्या माणसाची नजर अर्थामागे धावते. मुद्रितशोधकाची नजर अक्षरावर थांबते. 'सूत' म्हणजे धागा, 'सुत' म्हणजे मुलगा. 'कामगार दिन' १ मे रोजी येतो. 'कामगार दीन' हे गाऱ्हाणे झाले. दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून संगणकाचा तपासनीस दोन्ही पुढे जाऊ देतो. शिवाय जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार विस्कटतात. तेव्हा शेवटचे वाचन पानांची मांडणी झाल्यावरच व्हावयास हवे.

चुकांचे एवढे भय कशासाठी? जोतिरावांची 'गुलामगिरी' १८७३ साली निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून जोतिरावांच्या व्याकरणाची टर उडविली. प्रश्न होता माणसांच्या गुलामीचा, आणि हिशेब मागितला गेला व्याकरणाचा! खालून आलेल्याच्या लिहिण्यात चूक सापडली, म्हणजे त्याचे म्हणणे न ऐकण्याची सोय होते. ही सबब आपण होऊन कोणाच्या हाती का द्यावी?

पण याच्या उलट धोकाही तेवढाच मोठा आहे. कादंबरीतली म्हातारी म्हणते, "म्या तवाच सांगितलं व्हतं." अतिउत्साही शोधक त्याचे "मी तेव्हाच सांगितले होते" असे करतो. व्याकरण सुधारले, म्हातारी मेली! मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्या नियमांतही बोलण्याच्या भाषेतल्या 'असं केलं'ला जागा आहे. म्हणजे नियम जाणणाऱ्याला म्हातारीचे तोंड बंद करण्याचे कारण नाही.

म्हणून निवड करताना जाहिरात पाहू नये, काम पाहावे. निवेदनाची पाच आणि संवादाची पाच अशी दहा पाने दोघा-तिघांना द्यावीत, आणि त्याचेही पैसे द्यावेत. परत आली की लाल खुणा मोजत बसू नये. खरी चूक सुटली का? बोली शाबूत राहिली का? शंका आली तेथे त्याने परस्पर बदल केला, की समासात प्रश्न लिहिला? तिसऱ्या पानावर 'धोंडू' असलेला माणूस नवव्या पानावर 'धोंडिबा' कसा झाला, असे जो विचारतो, त्याने पुस्तक खरोखर वाचले आहे.

आता मजुरीचे. ८०,००० शब्दांची कादंबरी, पानाला २५० शब्द धरले तर ३२० पाने होतात. ताशी ८ पाने धरली तर एका वाचनाला ४० तास, म्हणजे आठ तासांचे पाच दिवस लागतात. हे काम कोणी एका रात्रीत आणि चहापाण्याच्या पैशांत करून देतो म्हणाला, तर तो वाचणार नाही, पाने उलटणार आहे. मुद्रितशोधक हाही कामगारच आहे. मालकाकडे पुरा दाम मागणाऱ्याने स्वतः मालक झाल्यावर घासाघीस करू नये.

करार मात्र कागदावर असावा. त्यात वाचने किती, तारीख कोणती, दर शब्दावर की पानावर, आगाऊ रक्कम किती, हे स्पष्ट असावे. काम मुद्रितशोधनाचे आहे की संपादनाचे, हेही लिहावे. वाक्य नव्याने घडविणे हा निराळा धंदा आहे, त्याची मजुरीही निराळी. प्रत्येक बदल दिसेल अशा रीतीने प्रत परत मागावी आणि मान्य की अमान्य हे लेखकाने स्वतः ठरवावे. तेवढा अधिकार कोणालाही सोपवू नये. पुस्तकावर नाव त्याचे असते.

चूक काढता येणारे पुष्कळ भेटतील. कोठे हात लावू नये, हे ज्याला कळते त्याच्या हाती आपली कादंबरी द्या.