हातोडाफेकीचा आचार्य : हॅरॉल्ड कॉनोली

मैदानी खेळांपैकी हातोडाफेक हा प्रकार आपल्या ग्रामीण भागात फारसा परिचित नाही. नाव हातोड्याचे असले तरी प्रत्यक्षात तो ७.२६ किलो वजनाचा धातूचा गोळा असतो व तारेने एका मुठीला जोडलेला असतो. सुमारे सात फूट व्यासाच्या वर्तुळात गिरक्या घेत खेळाडू त्यास वेग देतो आणि योग्य क्षणी मूठ सोडतो. उजव्या हाताचा खेळाडू ही मूठ प्रथम डाव्या हाताने धरतो व तीवर उजवा हात ठेवतो. अखेरच्या गिरकीत त्याच्या दोन्ही हातांवर स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक ओढ पडते. ज्याचा डावा हात जन्मापासून अधू होता, अशा पुरुषाने या खेळात ऑलिंपिक अजिंक्यपद मिळविले. त्याचे नाव हॅरॉल्ड कॉनोली.

अधू हाताची साधना

कॉनोली यांचा जन्म १ ऑगस्ट १९३१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सॉमरव्हिल येथे झाला. प्रसूतीच्या वेळी डाव्या हाताच्या मज्जातंतूंना इजा झाल्याने तो हात उजव्याहून आखूड व दुर्बळ राहिला; बालपणी तो अनेकदा मोडलाही. बॉस्टन कॉलेजात शिकत असताना ते गोळाफेक करीत. हातोडाफेक करणाऱ्या सोबत्यांचे हातोडे गोळा करून परत फेकीत असता, आपली फेक त्यांच्याहून दूर जाते असे त्यांच्या ध्यानी आले. डाव्या हातास बळकटी येईल हाही हेतू होताच. अशा रीतीने केवळ योगायोगाने त्यांना आपला खेळ सापडला.

पुढील प्रगती विस्मयकारक होती. १९५६ साली सोव्हिएत संघाचे मिखाईल क्रिव्होनोसोव आणि कॉनोली यांच्यात विश्वविक्रमासाठी चुरस लागली. २ नोव्हेंबर १९५६ रोजी कॉनोली यांनी ६८.५४ मीटरचा विक्रम नोंदविला. त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ६३.१९ मीटर फेक करून सुवर्णपदक जिंकले. क्रिव्होनोसोव अवघ्या १६ सेंटिमीटरने मागे राहिले. १९६० साली ७० मीटरची मर्यादा ओलांडणारे कॉनोली हे पहिले खेळाडू ठरले. १९६५ पर्यंत त्यांनी अनेक वेळा विश्वविक्रम केला.

मेलबर्न येथेच त्यांची थाळीफेकीतील सुवर्णपदकविजेत्या चेकोस्लोव्हाकियाच्या ओल्गा फिकोतोवा यांच्याशी ओळख झाली. शीतयुद्धाचा तो काळ. दोन देश परस्परविरोधी गटांतले. तथापि मार्च १९५७ मध्ये प्राग येथे उभयतांचा विवाह झाला व विख्यात धावपटू एमिल झातोपेक त्यास साक्षीदार होते. हा विवाह पुढे टिकला नाही, परंतु मैदानावरील स्नेह राजकीय सीमा ओलांडू शकतो, याचे ते बोलके उदाहरण ठरले.

सत्यकथनाचे धैर्य

यानंतरच्या तीन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांना पदक मिळाले नाही. १९६८ च्या मेक्सिको स्पर्धेत ते अखेरचे उतरले. भारताचे प्रवीणकुमार सोबती हेही त्या स्पर्धेत हातोडाफेकीत सहभागी झाले होते. १९७३ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कॉनोली यांनी साक्ष दिली. खेळाडूंमध्ये शक्तिवर्धक औषधांचा वापर कसा बोकाळला आहे हे सांगताना, आपणही ती अनेक वर्षे घेतल्याची कबुली त्यांनी दिली. विजेत्याच्या कीर्तीला यामुळे बाध आला हे खरेच. परंतु व्याधीचे निदान झाल्यावाचून उपचार होत नाही, हेही तितकेच खरे.

मुलांसाठी मैदान

कॉनोली यांचा व्यवसाय शिक्षकाचा. कॅलिफोर्नियात सँटा मोनिका येथील माध्यमिक शाळेत त्यांनी अध्यापन केले व पुढे प्रशासकीय जबाबदारीही सांभाळली. १९८८ पासून अकरा वर्षे ते बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी कार्य करणाऱ्या ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ या संस्थेत अधिकारी होते. निवृत्तीनंतर त्यांनी अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेत किशोरवयीनांच्या हातोडाफेकीच्या विकासाचे काम अंगावर घेतले. त्या देशातील बहुतेक राज्यांच्या शालेय स्पर्धांत हा खेळ धोक्याचा म्हणून वर्ज्य होता. ऱ्होड आयलंड हे छोटे राज्य त्यास प्रमुख अपवाद. भक्कम जाळीचा पिंजरा, वयानुरूप हलका हातोडा व जाणता मार्गदर्शक असेल, तर मुलामुलींना हा खेळ सुरक्षितपणे शिकविता येतो, असा त्यांचा आग्रह होता. १८ ऑगस्ट २०१० रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे हे कार्य चालूच होते.

ज्यांना स्वतःला हा खेळ योगायोगाने लाभला, त्यांनी पुढील पिढीस तो योगायोगावर सोडला नाही, हेच त्यांच्या जीवनाचे सार होय. शाळेच्या मैदानाकडे ‘हा अशक्त, हा काय खेळणार’ अशा दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याकडेही आहे. कडेला उभे राहून इतरांचे चेंडू वा गोळे उचलून देणाऱ्या मुलाला एकदा तरी ते साधन हाती द्यावे. त्याची फेक कुठवर जाईल, हे तोपर्यंत कोणासच ठाऊक नसते.