दवाखाना पाच आठवड्यांचा, पुढचं काम गावाचं

(शिराळा-पाटण भागातल्या वाड्यावस्त्यांच्या शिबिरात समाजकार्याच्या एका अभ्यासक बाईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच दिलं आहे.)



दारूचा विषय निघाला की गडीमाणसं बिडी ओढायला बाहेर जातात. आज बसा. मी कुणाला शिव्या द्यायला आले नाही. दारू सुटते कशी आणि सुटलेली परत का लागते, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, वनहक्काच्या शिबिरात दारू कशाला? तर ऐका. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण जमीन कसतो, हे आपल्याला दाखवायचंय. कागद थोडे, म्हणून भिस्त जुन्या माणसांच्या जबाबावर. नियमानं तो जबाब पुरावा धरला जातो. पण चौकशीच्या दिवशी तोच म्हातारा गुत्त्यावर पडलेला असला तर दावा कुणाचा बुडतो? सगळ्या वस्तीचा. तोडीची, वीटभट्टीची उचल घरी येण्याआधी गुत्त्यावरच फिटली, तर घर कशावर चालायचं? कायद्यानं एक बरं केलंय. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो, आणि तो कुणाला विकता येत नाही. म्हणजे जमीन दारूत जाणार नाही. पण कसणारा माणूसच दारूत गेला, तर ती कसायची कुणी?

आता आजाराचं. पिणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात, घेतल्याशिवाय चालत नाही, थांबायचं ठरवून थांबता येत नाही, हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तो आजारांच्या यादीत घातलाय. माळ घालून, शपथ घेऊन काहींची सुटते. ज्यांची सुटत नाही ते वाईट नसतात, त्यांना औषध लागतं.

दोन गोष्टी जिवावर बेततात, त्या ध्यानात ठेवा. पहिली, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते. माणूस बरळतो, नसलेलं दिसायला लागतं. मग भूत लागलं म्हणून देवरुषाकडे नेतात. ते भूत नसतं. त्याला तडक दवाखान्यात न्यायचं. दुसरी, जेवणातून गुपचूप दारू सोडायचं औषध घालू नका. ते पोटात असताना दारू प्याली तर उलट्या होतात, छाती धडधडते, ब्लड प्रेशर खाली येतं, जीवसुद्धा जाऊ शकतो. ते औषध माणसाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

न्यायचं कुठं? साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तन आहे. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. पुण्यात मुक्तांगण आहे. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला मदत केली. तिथं माणूस साधारण पाच आठवडे राहतो. औषध असतं, गटात बोलणं असतं, घरच्यांनाही बोलावून समजावतात. ते घरच्यांना बोलावणंच फार महत्त्वाचं.

कारण खरी परीक्षा एसटीतून उतरल्यावर सुरू होते. अमेरिकेतले अभ्यास सांगतात, उपचार घेतलेल्या शंभरातले चाळीस ते साठ जण पहिल्या वर्षात परत पितात. बीपी, दम्याचे पेशंटही असेच औषध सोडतात आणि परत आजारी पडतात. त्यांना आपण "गेला वाया" म्हणतो का? नाही, परत डॉक्टरकडे नेतो. इथंही तेच करायचं.

मग गावानं काय करायचं? तपासणीच्या तारखेला त्याच्या सोबत एक जण जायचा. लग्नात, जत्रेत "आजच्या दिवस घे की" म्हणून आग्रह करायचा नाही. त्याला बेवडा म्हणून हाक मारायची नाही. समितीत काम द्यायचं, मोजणीची साखळी त्याच्या हातात द्यायची. रिकामा माणूस गुत्त्याकडे वळतो. आणि त्याच्या बायकोला विचारायचं, "बाई, तू कशी आहेस?" इतकी वर्षं ते कुणी विचारलेलं नसतं.

राहिला गुत्ता. हातभट्टी तर बेकायदाच आहे, तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. परवान्याचं दुकान असलं तर 2008 च्या सरकारी आदेशानं गावातल्या 25 टक्के बाया सह्या करून मतदान मागू शकतात. पण आडवी बाटली जिंकायला एकूण यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी बाई घरी बसली, तिचं मत दुकानदाराला गेलं असंच धरा. एक लक्षात घ्या, दुकान बंद झालं म्हणून आजार जात नाही. बंदी आणि उपचार, दोन्ही बरोबरच चालले पाहिजेत.

पुढच्या बैठकीत दाव्यांच्या यादीशेजारी आणखी एक वही ठेवा. कुणाला उपचार हवाय आणि त्याच्या सोबत कोण जाणार, एवढंच तिच्यात लिहा. ती वही चावडीवर वाचायची नाही, दोन विश्वासाच्या माणसांकडं ठेवायची.

जमीन आपली आहे, तसा माणूसही आपलाच आहे. दोन्ही सोडायचे नाहीत.

जिंदाबाद!