जुना कॉम्प्युटर आणि कॅसेटचा सांभाळ



गाण्यांच्या, कीर्तनाच्या कॅसेट आपल्यापैकी अनेकींनी ऐकल्या आहेत. एके काळी अशाच कॅसेटवर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमही साठवत. तसा एक जुना कॉम्प्युटर आणि तो आजही हौसेने चालता ठेवणारी माणसं, यांच्याविषयी आज बोलू या.

त्याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो आणला. वहीएवढा आकार, रबराची बटणं. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा, प्रोग्रॅमसाठी टेपरेकॉर्डर. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या टायमेक्स कारखान्यात त्याची जोडणी होई आणि तिथे कामाला बहुतेक बायकाच होत्या.

कॅसेट लावली की कर्कश किरकिर ऐकू येई. तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम. पाचेक मिनिटं वाट पाहिली की खेळ सुरू. त्या काळी युगोस्लाव्हियात बेलग्रेडच्या रेडिओवरून असे प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात प्रसारित होत. लोक ते घरी टेप करून घेत आणि कॉम्प्युटरला ऐकवत!

१९८६ मध्ये हा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. १९९२ मध्ये स्पेक्ट्रम बनणं थांबलं, पुढच्याच वर्षी टायमेक्सचा तो कारखानाही बंद झाला. मग हे यंत्र जिवंत कसं राहिलं?

हौशी लोकांनी काम वाटून घेतलं. बटणांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा जुना झाला की कडक होऊन तडकतो आणि बटणं चालेनाशी होतात. कोणी ते पडदे नव्याने बनवू लागलं. आतले कपॅसिटर सुकतात, कोणी ते बदलायला शिकवू लागलं. यूएलए नावाची एक चिप फक्त याच यंत्रासाठी बनवलेली होती. ती आत कशी चालते हे ख्रिस स्मिथ यांनी खोलात जाऊन शोधलं आणि २०१० मध्ये पुस्तक लिहून सगळ्यांना खुलं केलं. कोणी जुन्या कॅसेटवरचे प्रोग्रॅम उतरवून ठेवले. अ‍ॅमस्ट्रॅडनेही मालकी स्वतःकडे ठेवून, या यंत्राची नक्कल आजच्या कॉम्प्युटरवर चालवायला परवानगी दिली. आजही त्यासाठी नवे खेळ लिहिले जातात.

यातून एक गोष्ट कळते. बनवणारा गेला म्हणून वस्तू मरत नाही. तिची माहिती एकाच डोक्यात किंवा एकाच पेटीत बंद राहिली, तर मात्र ती मरते.

ही माणसं सगळ्यात जास्त घाई कॅसेटची करतात, कारण फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते. आपल्या घरच्या कॅसेटचंही तेच. एखादीत आजीच्या ओव्या असतील, लग्नातली गाणी असतील. ती कॅसेट उन्हापासून आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा. तिच्या पाठच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून वरून दुसरं रेकॉर्ड होणार नाही. चांगला टेपरेकॉर्डर मिळवा, त्याचं हेड पुसून घ्या आणि शांत खोलीत मोबाईलवर आवाज उतरवा. कोण गातंय, कुठल्या गावची, कुठलं साल, तेही लिहा. एक प्रत गटातल्या दुसऱ्या मैत्रिणीकडे ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, "कोणाकडे जुन्या कॅसेट आहेत गं?"