देह दाखवण्याआधी



महाड-पोलादपूरकरांना मृतदेह बघायला कुठल्या प्रदर्शनात जावं लागलेलं नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या आणि नंतर कित्येक दिवस नदी-खाडीच्या काठाने माणसं शोधली गेली. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली; ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. तळियेत हाती लागणाऱ्या देहांची अवस्था पाहवेना, तेव्हा आता शोध थांबवा, असं गावातूनच सांगण्यात आलं. आपल्या माणसाचं शेवटचं रूप जगाने किती पाहावं, हे ठरवण्याचा पहिला हक्क घरच्यांचा असतो. तळियेने तो बजावला.

आजच्या विषयाची सुरुवात म्हणूनच इथून होते. लोकशिक्षणासाठी मानवी देह मांडावा का? मांडलाच, तर कुणाच्या परवानगीने?

जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी 1977 साली देहातलं पाणी आणि चरबी काढून त्या जागी प्लॅस्टिक भरण्याची पद्धत शोधली. 1995 साली टोकियोत असे देह सामान्य प्रेक्षकांपुढे आले आणि पुढे जगभर तिकिटाच्या रांगा लागल्या. धूम्रपानाने काळवंडलेलं फुप्फुस काचेत पाहून कुणी सिगारेट सोडली असेल, तर तो लाभ खराच. फॉन हागेन्स देहदात्यांची लेखी संमती पुढे करतात. मात्र अशाच दुसऱ्या एका प्रदर्शनाच्या आयोजकांना 2008 साली न्यूयॉर्कमध्ये प्रेक्षकांना कळवणं भाग पडलं, की चीनमधून आलेले हे देह मृत्युदंड झालेल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. 2009 साली पॅरिसच्या न्यायालयाने तशाच एका प्रदर्शनाला टाळं लावलं.

आपल्याकडे 1949 च्या शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची वाट खुली केली. ज्याच्यामागे विचारणारं कुणी नाही, त्याचा देह विच्छेदनाच्या टेबलावर जातो. त्यातून डॉक्टर घडतात, हे उपकार मानावेत असंच आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या विच्छेदनाआधी विद्यार्थी त्या देहापुढे शपथ घेतात. पण बंद दारामागे शिकणाऱ्याला दिलेली परवानगी जत्रेतल्या गर्दीला आपोआप लागू होत नाही. देहदानाच्या अर्जावर सही करणाऱ्यालाही या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायला हव्यात.

प्राचीन सांगाड्यांचं काय? शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या तिथल्या लोकांनी आपली मेलेली मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरली होती. मोठ्यांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले होते. त्या हाडा-दातांवरून तेव्हाचा आहार, आजार, उपासमार यांचा माग लागला. ही विद्या मोलाची आहे. तरीही ते रांजण मुलांना दाखवताना ‘सांगाडा क्रमांक अमुक’ एवढ्यावर थांबू नये. कुणा आईबापांनी लेकराला घराबाहेर जाऊ दिलं नाही, हेही सांगावं.

देह श्रद्धेपोटीही दाखवला जातो. गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष साधारण दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात ते आणले होते. तिथे पाहणारा भाविक असतो आणि पाहण्याची रीत त्याच्याच समाजाने घालून दिलेली असते. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे मात्र देह न दाखवताही इतिहास शिकवला जातो.

आता आपल्या शाळांकडे वळू. एकेकाळी कोलकाता हे साऱ्या जगाला मानवी सांगाडे पुरवणारं मोठं केंद्र होतं. 1985 साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. ज्यांची हाडं त्या व्यापारात गेली, त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटात टांगलेला सांगाडा त्याच काळचा, खऱ्या माणसाचा असू शकतो.

म्हणून या व्यासपीठावरून शिक्षकांना तीन विनंत्या. शाळेतला सांगाडा खरा आहे की प्लॅस्टिकचा, हे तपासून घ्या. खरा असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी बोला आणि वर्गासाठी प्रतिकृती आणा. आपत्तीचा धडा घेताना मृतांची छायाचित्रं दाखवू नका आणि मोबाइलवर पुढे पाठवू नका. डोंगराला गेलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडं ओळखायला शिकवा. आणि सहलीत कुठेही मानवी देह मांडलेला दिसला, तर तो कुणाचा आणि कुणाच्या परवानगीने इथे आला, हा प्रश्न मुलांना तिथल्या माणसांना विचारू द्या.