पर्यायी वाट आधी ठरलेली हवी

(म्हैसूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पोस्टाच्या काउंटरवर 'लिंक नाही' अशी पाटी लागली की बचत खात्यातले पैसे काढायला आलेला माणूस पाटीवर रागावत नाही, समोर बसलेल्या क्लार्कवर रागावतो. आरक्षणाच्या खिडकीवरही तेच घडते. लिंक कुठे तुटली आणि दुसऱ्या वाटेने काम का सुरू झाले नाही, हे त्या क्लार्कला कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज हा विषय घेतला आहे. हा फक्त इंजिनिअरांचा विषय आहे असे समजू नका. गाडी वळवणे आणि टपालाची बॅग दुसऱ्या वाटेने धाडणे हे काम तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहात.

म्हैसूर हे या विषयासाठी योग्य ठिकाण आहे. टपाल खात्याच्या आयटी आधुनिकीकरण प्रकल्पात मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईला आणि आपत्तीच्या वेळी काम उचलणारे केंद्र म्हैसूरला उभारले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर लागू झालेली एपीटी प्रणालीही याच शहरातल्या सीईपीटी या खात्याच्या केंद्राने तयार केली. मुंबईकडे काही अघटित घडले तरी दूरचे दुसरे केंद्र शाबूत राहावे, हा दोन केंद्रांमागचा विचार. पण नुसती दोन केंद्रे असून भागत नाही. तिथवर पोचणाऱ्या वाटाही एकाहून अधिक हव्यात, आणि एक तुटताच दुसरी चालू व्हायला हवी.

हे कसे होते ते पाहू. संगणकाच्या जाळ्यात माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. जाळ्याच्या नाक्यानाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. त्याचे काम आरएमएसमधल्या सॉर्टरचे. त्याच्याजवळ यादी असते : अमुक पत्त्याचे पाकीट अमुक वाटेला.

वाट तुटली की चार कामे व्हावी लागतात. ती तुटली हे कळले पाहिजे. ती बातमी इतर राउटरांना पोचली पाहिजे. प्रत्येकाने नव्याने हिशेब केला पाहिजे. आणि शेवटी नवी यादी लागू झाली पाहिजे. पुष्कळदा पहिल्याच कामात वेळ जातो. केबल थेट जोडलेली असेल तर प्रकाश बंद झाल्याचे यंत्राला तत्काळ कळते. पण मध्ये दुसरे उपकरण असले तर वाट जिवंत दिसते आणि पाकिटे मात्र खड्ड्यात पडत राहतात. शेजारचे राउटर एकमेकांना ठराविक वेळाने 'मी आहे' असा निरोप देतात. ओएसपीएफ नावाच्या प्रचलित पद्धतीत तो सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी जातो, आणि ४० सेकंद आला नाही तर शेजारी बंद पडला असे धरतात. यंत्राच्या हिशेबी ४० सेकंद म्हणजे एक युग.

दुसरी अडचण तुम्ही लगेच ओळखाल. एका सॉर्टिंग ऑफिसला नवी यादी मिळाली, शेजारच्याला अजून मिळाली नाही. पहिला बॅग दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा जुन्या यादीप्रमाणे ती पुन्हा पहिल्याकडे धाडतो. बॅग दोघांत फिरत राहते, मुक्कामाला पोचत नाही. राउटरांतही असेच फेरे होतात. म्हणून प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. तो दर नाक्यावर एकाने कमी होतो, आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते.

यावरचा उपाय रेल्वेवाल्यांना नवा नाही. जुलै २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या पेडणे येथील बोगद्यात पाणी शिरले, तेव्हा गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे मडगावकडे वळवल्या गेल्या. ही वाट त्या रात्री कोणी शोधून काढली नव्हती. ती आधीपासून माहीत होती. शिवाय ज्या लोको पायलटने एखादा रस्ता शिकून घेतला आहे, तोच त्या रस्त्यावर स्वतःच्या जबाबदारीवर गाडी नेऊ शकतो. म्हणजे वळवण्याची तयारी अपघाताच्या आधीची असते.

राउटरलाही हेच शिकवले आहे. सगळे सुरळीत असतानाच त्याने प्रत्येक वाटेला पर्यायी वाट हिशेब करून ठेवायची. अट एवढीच की, ज्या शेजाऱ्याच्या हाती पाकीट द्यायचे त्याची वाट पुन्हा आपल्यावरूनच जाता कामा नये. हा नियम २००८ मध्ये इंटरनेटच्या मानकांत नोंदला गेला. बिघाड लवकर कळावा म्हणून बीएफडी नावाची पद्धत आहे. तिच्यात निरोप सेकंदाला अनेक वेळा जातात आणि लागोपाठ दोन-तीन चुकले की वाट बंद समजतात. अशा व्यवस्थेत सुमारे ५० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, वाहतूक वळवण्याचे उद्दिष्ट ठेवतात. सर्वांना बातमी देऊन पूर्ण हिशेब करणे मागाहून होते.

मग आपल्या खिडकीवर पाटी तासन्‌तास का राहते? कारण राउटर कितीही हुशार असला तरी नसलेल्या वाटेवर पाकीट पाठवू शकत नाही. कागदावर दोन लिंक असतात, पण पुष्कळदा दोन्ही केबल एकाच चरातून गेलेल्या असतात. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा एक घाव बसला की दोन्ही जातात. दोन कंपन्यांची दोन बिले म्हणजे दोन वाटा नव्हेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन वेगवेगळ्या केबल तुटल्या. नावे निराळी होती, समुद्र एकच. भारतातल्या इंटरनेटला त्याचा मोठा फटका बसला, आणि बरीच वाहतूक उलट पूर्वेकडून, पॅसिफिकच्या बाजूने न्यावी लागली.

इथलेच उदाहरण घ्या. म्हैसूरहून बंगळूरला मंड्यावरून सरळ मार्ग आहे. तो अडला तर हासनवरून फेरा घालून जाता येते. पण बिघाड म्हैसूरच्या यार्डातच झाला तर दोन्ही वाटा निरुपयोगी. लिंक तुटणे वेगळे आणि राउटर बंद पडणे वेगळे, ते असे. दोन्ही केबल एकाच यंत्रात येत असतील आणि त्या यंत्राला बॅटरीचा आधार नसेल, तर ते उपडाकघर एका फ्यूजवर उभे आहे.

आणखी एक गोष्ट. एकेरी मार्गावर आधीच गाड्यांची गर्दी असेल तर वळवलेल्या गाड्या तिथे खोळंबतात. पर्यायी लिंकचेही तसेच. मुख्य लिंकचा भार ती पेलू शकत नसेल तर काम बंद पडत नाही, पण इतके मंदावते की लोकांना ते बंदच वाटते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, बैठकीत हा प्रश्न आला की 'नेट सुधारा' एवढीच मोघम मागणी करू नका. नेमके विचारा. दोन्ही केबल कुठल्या रस्त्याने येतात, नकाशा दाखवा. दोन्ही एकाच यंत्रावर संपतात का? दुसरी लिंक किती भार उचलते? ती शेवटची कधी मुद्दाम चालवून पाहिली होती? न तपासलेली पर्यायी लिंक ही न तपासलेल्या ब्रेकसारखी असते. लिंक गेल्याची आणि परत आल्याची वेळ रजिस्टरात लिहा आणि त्या नोंदीवर वरिष्ठांची सही घ्या. लिंकअभावी राहिलेले काम क्लार्कच्या किंवा ग्रामीण डाक सेवकाच्या उद्दिष्टातून वजा झाले पाहिजे, ही मागणी त्या नोंदीच्या आधारे मांडता येईल. तोंडी तक्रारीला उत्तर द्यावे लागत नाही, लेखी नोंदीला द्यावे लागते.

शेवटी, वाहतूक यंत्र वळवते, पण तुटलेली केबल माणूसच जोडतो. रुळांच्या कडेने रेलटेलचे ६० हजार किलोमीटरहून अधिक ऑप्टिकल फायबरचे जाळे आहे. भर पावसात चरात उतरून केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा सांधणारा कामगार पुष्कळदा कंत्राटी असतो. लिंक आपोआप वळली म्हणून वरच्यांना तुटल्याचे कळतच नाही, आणि त्याचे काम कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दुसरी वाटही तुटेपर्यंत पहिली नीट झालीच नाही, तर सगळी तयारी फुकट. म्हणून दुरुस्तीला पुरेशी माणसे हवीत, आणि त्यांना रास्त वेतन व सुरक्षेची साधने हवीत, ही मागणी आपल्या यादीत आलीच पाहिजे.

आपापल्या कार्यालयात परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हे प्रश्न लेखी द्यावेत, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.