समूहगीतातला ‘आ’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, मी कसले भाषण करणार? गाण्याची एकही परीक्षा मी दिलेली नाही. पण गेल्या चार महिन्यांच्या तालमीत जे उमगले तेवढे सांगते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

यंदा आपण राज्यगीत बसवायला घेतले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. २०२३ साली शासनाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा मान दिला. गाणे सगळ्यांना पाठ, त्यामुळे आम्हाला वाटले, दोन दिवसांत बसेल. पण आम्ही बावीसजणी गात असूनही आवाज ओसरीच्या बाहेर जाईना. बदलापूर स्टेशनातून गाडी सुटली की आम्ही आहोत की नाही, कळत नसे. जोर लावावा, तर भाजीबाजारासारखा गलका!

शेजारच्या सूनबाईंनी मोबाइलवर आमचे गाणे भरून ऐकवले. सूर बहुतेक बरोबर होते, तरी आवाज एकमेकींत मिसळत नव्हते. का, ते चार वेळा ऐकल्यावर कळले. त्या नावातच पाहा, ‘महाराष्ट्र माझा’ म्हणताना चार वेळा ‘आ’ येतो. आमचे ‘आ’ मात्र बावीस तऱ्हांचे! कोणी हसऱ्या तोंडाने पसरट ‘ॲ’कडे झुकलेला, कोणी ‘ऑ’सारखा गोल, तर कोणी दातांआडचा.

शाळेत व्याकरणात शिकलो होतो ना, अ कंठ्य, इ तालव्य, उ ओष्ठ्य? तेव्हा ते नुसते पाठ केले. आता कळले की स्वर म्हणजे तोंडाच्या पोकळीचा आकार. तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून गांधारही ऐकू येतो, कारण एका सुरात वरचे कितीतरी बारीक सूर दडलेले असतात. आपल्या गळ्यातल्या सुरातही ते असतात. त्यांतले कोणते उठून दिसायचे, ते तोंडाचा आकार ठरवतो. आकार निरनिराळे असले तर सूर एक असूनही कानाला फाटल्यासारखे वाटते. ते जुळले की आवाज न वाढवता भरतो.

आता माझी चूक. आमच्यात एक मावशी आहेत. त्या बेसूर आहेत असे आम्हाला वाटे. मीच त्यांना म्हटले, “मावशी, तुम्ही मागे उभ्या राहा, नुसते ओठ हलवा.” त्या काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन पोळ्या लाटताना मला आठवले की, शाळेत प्रार्थनेच्या वेळी मलाही असेच सांगितले गेले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे मी देवापुढेदेखील मोठ्याने आरती म्हटली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तोंड मिटून नुसता ‘म्’ धरायला सांगितले. मावशींचा सूर अगदी स्वच्छ! तोंड उघडून ‘आ’ म्हटला की मात्र तो दबे. जवळ बसून विचारले, तेव्हा हळूच म्हणाल्या, “अगं, कवळी सैल आहे. पडेल म्हणून तोंड उघडत नाही.” माझ्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही सूर-ताल पाहत बसलो, त्यांचे दात कोणी पाहिले नाहीत. आठवड्यात कवळी नीट करून आणली.

मग सगळ्यांचाच ‘आ’ घडवला. हनुवटी सैल सोडायची, दोन बोटे उभी मावतील एवढे तोंड उघडायचे, जीभ खाली पसरून तिचे टोक खालच्या दातांशी टेकवायचे आणि आत जांभईच्या सुरुवातीसारखी जागा ठेवायची. ‘ई’ला ओठांचे कोपरे कानांकडे ओढायचे नाहीत, नाहीतर आवाज पातळ होऊन टोचतो. ‘ऊ’ला ओठ गोल करायचे, पण चूल फुंकल्यासारखे नव्हे. उंच सुरावर ‘ई’ आणि ‘ऊ’ दोन्ही थोडे उघडावे लागतात, एरवी गळा आवळतो. ‘जय’मध्ये आम्ही ‘य’वर फार लवकर जात होतो. सूर ‘अ’वर धरायचा आणि ‘य’ सुटताना सगळ्यांनी एकदम म्हणायचा. याच एका गोष्टीला आमचे तीन गुरुवार गेले!

आणि गाताना शेजारणीचे ऐकायचे. हे सर्वांत अवघड, कारण आपल्याला स्वतःचाच आवाज गोड वाटतो. (हसू नका, माझेही तेच.)

आज गाणे होईल तेव्हा मावशी पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या उभ्या असतील. तालीम दर गुरुवारी चार वाजता आमच्याच ओसरीवर असते. ज्यांना कधी कोणी ‘तू गाऊ नकोस’ म्हटले असेल, त्यांनी आधी यावे.